अवतरणचिन्हांतील इतिहास : वॉर्साचे पोलिन संग्रहालय आणि त्याची प्रदर्शने

वस्तुसंग्रहालयात माणूस पाहायला म्हणून जातो आणि बाहेर पडेपर्यंत त्याने एखाद्या लहान पुस्तकाएवढा मजकूर वाचलेला असतो. या वाचनाची दखल साहित्यविचाराने क्वचितच घेतली आहे. संग्रहालयाच्या भिंतीवरील मजकुराला लेखकाचे नाव नसते. त्याचे वाक्य तृतीयपुरुषी आणि निःशंक असते. शेजारी मांडलेली वस्तू त्या वाक्याची साक्षीदार म्हणून उभी केलेली असते. कादंबरीतील सर्वसाक्षी निवेदकाविषयी विसाव्या शतकातील समीक्षेने पुष्कळ शंका उपस्थित केल्या. तो निवेदक कादंबरीतून हद्दपार झाला असे मानले, तरी संग्रहालयाच्या भिंतीवर तो सुखाने नांदताना दिसतो. ‘हे कोण सांगत आहे?’ हा कथनमीमांसेतील पहिला प्रश्न तेथे सहसा कोणी विचारीत नाही.

ज्यूंच्या इतिहासाला वाहिलेल्या संग्रहालयांत हा प्रश्न टाळता येत नाही. ज्यांचा इतिहास सांगायचा ते लोक त्या भूमीवर बहुतांशी उरलेले नाहीत. त्यांच्या वस्तू जाळल्या वा लुटल्या गेल्या आहेत. आणि जे पुरावे मुबलक प्रमाणात शिल्लक आहेत, त्यांतील मोठा भाग मारणाऱ्यांनीच तयार केलेला आहे. अशा स्थितीत तृतीयपुरुषी, निःशंक वाक्य लिहिणारा निवेदक कोणाच्या वतीने बोलतो? वॉर्सा येथील ‘पोलिन’ या पोलिश ज्यूंच्या इतिहासाच्या संग्रहालयाने या प्रश्नाला एक निश्चित रचनात्मक उत्तर दिले. ते उत्तर काय आहे, ते कोठे टिकते, कोठे तुटते आणि तुटल्यावर काय घडते, हे पाहण्यासारखे आहे. त्यासाठी संग्रहालयाची कायम मांडणी आणि तेथील तात्पुरती प्रदर्शने व सार्वजनिक उपक्रम ही दोन्ही एकत्र वाचावी लागतात. कायम मांडणी हा ग्रंथ मानला, तर तात्पुरती प्रदर्शने ही त्या ग्रंथाच्या समासात नंतर लिहिलेली टिपणे होत. टिपणे लिहिणाऱ्याला आपला हात फार काळ लपवता येत नाही.

पोलिनची वास्तू मुरानुव या भागात उभी आहे. युद्धकाळात वॉर्साचा घेट्टो होता तेथेच हा भाग येतो. समोर नेथन रॅपोपोर्ट या शिल्पकाराचे १९४८ मधील घेट्टोवीरांचे स्मारक आहे; पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट १९७० च्या डिसेंबरात याच परिसरात गुडघे टेकून बसले होते. रायनर माहलामेकी या फिनिश वास्तुकाराने स्मारकाला शह देणारे काहीही उभारले नाही. बाहेरून शांत, काचेच्या पट्ट्यांनी मढवलेला एक चौकोनी ठोकळा, आणि आत शिरताच दोन्ही बाजूंनी वळत गेलेल्या भिंतींची उंच भेग. काचेच्या पट्ट्यांवर ‘पोलिन’ हा शब्द हिब्रू आणि रोमन अक्षरांत छापलेला आहे. हिब्रूत पोलंडला पोलिन म्हणतात. परागंदा ज्यूंना या भूमीवर येताच ‘येथे विसावा घ्या’ अशा अर्थाची हाक ऐकू आली, अशी त्या नावामागील लोककथा आहे. म्हणजे इमारतीच्या कातडीवरच एक आख्यायिका गोंदलेली आहे, आणि आख्यायिका ज्या विसाव्याचे वचन देते तो विसावा जेथे मोडला त्याच जागेवर ती गोंदलेली आहे. यातील विरोधाभास वास्तुकाराने ओरडून सांगितलेला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. बर्लिनच्या ज्यू संग्रहालयाची डॅनिएल लिबेस्किंड यांनी रचलेली वास्तू याच्या अगदी उलट जाते. तिच्या आराखड्याला त्यांनी ‘ओळींच्या दरम्यान’ अशा अर्थाचे नाव दिले होते. तिच्यात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या, तिरक्या भिंती आणि जमिनीचा चढउतार हीच इतकी ठाम विधाने आहेत, की २००१ मध्ये तेथे प्रत्यक्ष प्रदर्शन मांडले गेले तेव्हा अनेकांना ते अनावश्यक वाटले. एका नवकाव्याच्या पोटात कोणी रीतसर वास्तववादी कादंबरी कोंबावी, तसा काहीसा तो प्रकार होता.

पोलिनची वास्तू २०१३ च्या एप्रिलमध्ये, घेट्टोतील उठावाला सत्तर वर्षे झाली तेव्हा खुली झाली. कायम प्रदर्शन त्यानंतर, ऑक्टोबर २०१४ मध्ये आले. मधले दीड वर्ष हे संग्रहालय मुख्यतः व्याख्याने, संगीत, चित्रपट आणि चर्चा यांवरच चालले. ग्रंथाआधी समास छापला गेला असे विनोदाने म्हणता येईल. या कायम प्रदर्शनाच्या रचनेचे नेतृत्व बार्बरा कर्शेनब्लाट-गिंब्लेट या लोकसंस्कृतीच्या अभ्यासक विदुषीने केले. हजार वर्षांचा इतिहास, आठ दालने, मूळ वस्तू तुलनेने थोड्या. आपल्या पद्धतीला त्यांनी ‘इतिहासाचे रंगमंच’ असे म्हटले आहे. त्यांच्या पद्धतीची दोन सूत्रे साहित्याच्या अभ्यासकाला विशेष जवळची वाटतील. पहिले सूत्र असे, की शक्यतो प्रत्येक दालनाने त्या त्या काळातील लोकांच्या शब्दांत बोलावे: प्रवाशाचे टिपण, राजाची सनद, धर्मगुरूचा निवाडा, व्यापाऱ्याचे पत्र, विरोधकाची निंदा. दुसरे असे, की प्रेक्षकाला सतत त्या काळाच्या वर्तमानात ठेवावे. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असले, तरी दालनातील माणसांना ते ठाऊक नाही, याचा विसर पडू देऊ नये.

दुसऱ्या सूत्रामागे एक वैचारिक भूमिका आहे. मायकेल आंद्रे बर्नस्टीन या समीक्षकाने १९९४ मधील आपल्या ग्रंथात ज्याला पश्चछाया म्हणता येईल अशा एका कथनदोषाची चिकित्सा केली. पूर्वसूचन हे कादंबरीकाराचे जुने तंत्र. पश्चछाया हा त्याचाच इतिहासातील विकृत अवतार. शेवट आधीच ठाऊक असलेला निवेदक त्या शेवटाची काळी सावली मागच्या सर्व काळावर टाकतो आणि मग त्या काळातील माणसांना, ‘तुम्हांला हे दिसले कसे नाही?’ असा जाब विचारू लागतो. युरोपातील ज्यूंच्या इतिहासावर ही सावली इतकी दाट पडलेली आहे की सोळाव्या शतकातील क्राकुवमधील एखादा छापखानासुद्धा पुढच्या राखेच्या उजेडातच वाचला जातो. युद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख ज्यू होते. त्यांपैकी जवळजवळ नव्वद टक्के मारले गेले. हे आकडे एकदा मनात बसले की त्यामागच्या नऊशेपेक्षा अधिक वर्षांना स्वतःचा असा अर्थ उरत नाही. पोलिनने ही सावली रोखून धरण्याचा प्रयत्न केला. समोरचे स्मारक लोक कसे मेले ते सांगते. आत ते कसे जगले ते सांगायचे, अशी ही विभागणी आहे. विनाशाच्या दालनातही हेच सूत्र ठेवलेले आहे. वॉर्सा घेट्टोची कथा तेथे बऱ्याच अंशी आदाम चेर्निआकुव आणि इमॅन्युएल रिंगेलब्लूम या दोघांच्या नोंदींतून उलगडते. एक घेट्टोतील ज्यू मंडळाचा प्रमुख, दुसरा गुप्तपणे घेट्टोचा दस्तऐवज जमवणारा इतिहासकार. दोघांनाही पुढचा दिवस ठाऊक नाही. प्रेक्षकाला तो ठाऊक आहे. हे अंतर भरून काढण्याचा मोह मांडणीने टाळला आहे, आणि हे तिचे सर्वांत मोठे यश म्हटले पाहिजे.

पहिल्या सूत्राविषयी मात्र असे निःशंकपणे म्हणता येत नाही. अवतरणांनी भिंती भरल्या म्हणजे निवेदक नाहीसा होतो का? बाख्तिन यांनी दोस्तोयेव्हस्कीच्या संदर्भात बहुस्वरतेची जी कल्पना मांडली, तिच्यात पात्रांचे आवाज लेखकाच्या आवाजाशी समपातळीवर येतात. पण ते आवाज एका कथेत एकमेकांना भिडतात, उत्तरे देतात. संग्रहालयाच्या भिंतीवरील अवतरण उत्तर देत नाही. ते कापून आणलेले असते, आणि कात्री कोणाची हे त्यावर लिहिलेले नसते. निवेदक संकलकाच्या वेशात पुन्हा हजर होतो. किंबहुना हा वेश अधिक सुरक्षित असतो, कारण संकलकाला ‘हे मी म्हणत नाही, त्या काळातील माणूस म्हणतो’ असे म्हणण्याची सोय असते.

या अडचणीचे सर्वांत बोलके उदाहरण तिसऱ्या दालनाच्या नावात आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा काळ मांडणाऱ्या या दालनाला ‘पारादिसुस युदेओरुम’, म्हणजे ‘ज्यूंचे नंदनवन’, असे लॅटिन नाव दिलेले आहे. हे शब्द १६०६ मधील एका निनावी लॅटिन उपहासपद्यातून आलेले आहेत. त्या पद्याचा रोख पोलंडच्या राज्यव्यवस्थेवर होता: सरदारांची चैन, नागरी लोकांचे हाल, कुळांची परवड, आणि या सगळ्यांत ज्यूंचे म्हणे फावलेले. म्हणजे मूळ उद्गार हा स्तुतीचा नव्हे, दूषणाचा होता. त्यात ज्यूंविषयीचे कौतुक नसून त्यांच्याविषयीची असूया होती. दालनात या उगमाचा खुलासा आहे, आणि दालनातील मजकूर सरळ ‘हे नंदनवन होते’ असे म्हणतही नाही. सहिष्णुतेच्या खुणांबरोबर छळाच्या खुणाही तेथे आहेत. तरी नावाचा परिणाम नावासारखाच होतो. व्यंग्योक्ती ही संदर्भावर जगते. ती शीर्षकस्थानी नेली, मोठ्या अक्षरांत लिहिली, पत्रकात आणि नकाशावर छापली, की तिच्यातील व्यंग्य झडते आणि वाच्यार्थ तेवढा उरतो. दूषण म्हणून म्हटलेले वाक्य चारशे वर्षांनी गौरवाचे वाक्य म्हणून वाचले जाते. आणि ‘आमच्या देशात हे लोक किती सुखात होते’ असे ऐकण्याची ज्यांना घाई आहे, त्यांच्या हाती ते आयते पडते. लक्षणा आणि व्यंजना यांच्या चर्चेत वाढलेल्या मराठी वाचकाला या नावातील धोका सांगावा लागू नये. रचनाकारांना तो ठाऊक नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. अवतरण स्वतःच आपला संदर्भ सांभाळील, असा त्यांचा भरवसा होता, आणि तो भरवसा अवाजवी होता.

याच दालनांच्या ओघात एक मांडणी अशी येते की तिच्यापुढे वरील आक्षेप काही काळ गप्प होतात. सध्या युक्रेनमध्ये असलेल्या ग्वोझ्ज्येत्स या गावी सतराव्या शतकातील एक लाकडी सिनेगॉग होते. त्याचे छप्पर आतून पशुपक्षी, वेली, राशिचक्र आणि हिब्रू अक्षरे यांनी रंगवलेले होते. युद्धांनी ते नष्ट केले. जुनी छायाचित्रे, रंगीत अभ्यासचित्रे आणि मोजमापे यांच्या आधारे अमेरिकेतील ‘हँड्सहाउस’ या संस्थेने शेकडो स्वयंसेवकांना बरोबर घेऊन, जुन्याच हत्यारांनी लाकूड तासून आणि जुन्याच पद्धतीचे रंग वापरून हे छप्पर पुन्हा घडवले. संग्रहालयात ते मूळ आकाराच्या सुमारे ८५ टक्के आहे. याला प्रतिकृती म्हणणे अपुरे आहे. हरवलेल्या संहितेचा, तिच्या इतर भाषांतील उल्लेखांवरून केलेला अनुवाद म्हणावा तसे हे काम आहे. आणि प्रत्येक अनुवादाप्रमाणे ते मूळ नसल्याचे लपवीत नाही. याउलट जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये कोचीच्या कडवुंभागम सिनेगॉगचा खरा लाकडी अंतर्भाग नेऊन बसवलेला आहे. तेथे वस्तू खरी, जागा दुसरी; वॉर्सात जागा जवळची, वस्तू नवी. यातील अस्सल कोणते हा वाद निष्फळ आहे. पाहण्यासारखी गोष्ट अशी की कोचीचे लाकूड प्रवास करून आले तेव्हा ते ज्या मल्याळम गीतांनी वेढलेले होते ती गीते भिंतीवर लटकवता आली नाहीत. त्याच संग्रहालयाने १९९५ मध्ये भारतातील ज्यूंविषयी भरवलेल्या प्रदर्शनात कोकणातील बेने इस्रायल समाजही होता. त्या समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बायबलमधील आख्याने मराठी कीर्तनाच्या घाटात बसवली. साकी, दिंडी, ओवी यांच्या चालींवर मोझेसची कथा सांगणारा तो प्रकार कोणत्याही काचपेटीत मावणारा नव्हे. ज्या संस्कृतीचे मुख्य द्रव्य उच्चार हे आहे, तिला संग्रहालयात नेताना पहिली जकात द्यावी लागते ती आवाजाची.

कायम मांडणीने स्वतःवर घातलेले बंधन, म्हणजे वर्तमानाने भूतकाळात डोकावायचे नाही हे बंधन, संग्रहालयाने एकदा जाणूनबुजून तोडले. २०१८ च्या मार्चमध्ये तेथे १९६८ च्या घटनांना पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने एक प्रदर्शन भरले. त्याच्या पोलिश शीर्षकाचा अर्थ ‘घरात परके’ असा होतो.

१९६८ च्या या प्रकरणाची सुरुवात एका नाटकापासून होते, ही गोष्ट साहित्याच्या नियतकालिकात आवर्जून सांगितली पाहिजे. आदाम मित्सकेविच या पोलिश महाकवीचे ‘ज्यादी’ हे एकोणिसाव्या शतकातील काव्यनाट्य पितरांना आवाहन करण्याच्या लोकविधीवर उभे आहे; त्याचा एक भाग झारच्या राजवटीतील तरुण कैद्यांचा आहे. काझिमिएश देयमेक यांनी १९६७ च्या नोव्हेंबरात ते वॉर्साच्या राष्ट्रीय रंगभूमीवर आणले. रशियाविरोधी उद्गारांना प्रेक्षक टाळ्या देतात हे पाहून सत्ताधाऱ्यांनी प्रयोग बंद करायला लावले. शेवटचा प्रयोग ३० जानेवारी १९६८ रोजी झाला. विद्यार्थ्यांचा निषेध, विद्यापीठातून हकालपट्टी, मार्चमधील मोर्चे आणि लाठ्या असा क्रम पुढे घडला. राजवटीने या असंतोषाला जे नाव दिले ते मात्र तयारच होते. १९६७ च्या जूनमध्ये, अरब-इस्रायल युद्धानंतर, पक्षप्रमुख गोमुल्का यांनी देशातील ज्यूंना उद्देशून पंचमस्तंभाची भाषा वापरली होती. आता ‘झायोनिस्ट’ हा शब्द वृत्तपत्रांत, सभांत आणि कारखान्यांतील फलकांवर सर्वत्र आला. तो वापरणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला त्याचा खरा अर्थ ठाऊक होता. पुढील तीन वर्षांत सुमारे १३,००० माणसे देश सोडून गेली. त्यांना पासपोर्ट मिळाला नाही. मिळाला तो एक प्रवासाचा दस्तऐवज, ज्यात धारक पोलंडचा नागरिक नाही असे नमूद होते. तो कोठला नागरिक आहे, हे त्यात नव्हते. मनुष्याची ओळख केवळ नकाराने लिहिणारे असे वाक्य कोणत्याही असंगत नाटककाराला सुचले असते तर त्याची वाहवा झाली असती.

प्रदर्शनाने हा सारा काळ वस्तू, चित्रफिती, गेलेल्यांच्या आणि राहिलेल्यांच्या आठवणी यांतून मांडला. तेवढ्यावर ते थांबते तर एक उत्तम स्मृतिप्रदर्शन म्हणून त्याची नोंद झाली असती. पण त्यात १९६८ मधील विधानांच्या जोडीला अलीकडच्या काळातील, वृत्तपत्रांतील आणि समाजमाध्यमांतील, ज्यूंविषयीची विधाने मांडलेली होती. त्यांतील काही सरकारच्या बाजूच्या परिचित पत्रकारांची होती. त्याच वर्षाच्या जानेवारीत पोलंडच्या संसदेने एक कायदा संमत केला होता: नाझी गुन्ह्यांची जबाबदारी पोलिश राष्ट्रावर टाकणाऱ्याला तुरुंगवासाची शिक्षा त्यात ठेवलेली होती. आंतरराष्ट्रीय वादळानंतर जूनमध्ये शिक्षेचे कलम मागे घेण्यात आले. म्हणजे प्रदर्शन उघडले तेव्हा भूतकाळाविषयीचे वाक्य उच्चारणे हा शिक्षेस पात्र अपराध ठरू शकत होता. सहा महिन्यांत १,१६,००० हून अधिक लोक हे प्रदर्शन पाहून गेले.

या जोडणीची साहित्यिक चिकित्सा केली तर ती निर्दोष ठरत नाही. दोन वाक्यांतील शब्दसाम्य दाखवणे सोपे असते. पण वाक्य ही एक कृती आहे असे मानले, तर ते कोण, कोणत्या अधिकाराने, कोणाला उद्देशून उच्चारतो यावर ती कृती ठरते. १९६८ च्या वाक्यामागे पक्ष, पोलीस आणि नोकरीवरून काढण्याचा हुकूम उभा होता. २०१८ मधील एका पत्रकाराच्या टवाळखोर ओळीमागे तसे काही नव्हते. दोन्ही एका भिंतीवर सारख्याच मांडणीने येतात तेव्हा त्यांच्यातील हा फरक पुसला जातो, आणि कायम प्रदर्शनाने जिच्याशी नेटाने झुंज दिली ती पश्चछाया येथे उलट्या दिशेने परत येते: आधी भविष्याची सावली भूतकाळावर पडू नये असे म्हटले, आता भूतकाळाची सावली वर्तमानावर मुद्दाम पाडली. हा आक्षेप गंभीर आहे. तरीसुद्धा, ही भिंत नसती तर प्रदर्शन अधिक सुबक झाले असते आणि कमी खरे झाले असते, असेच म्हणावे लागते. अवतरणांमागे लपलेला संकलक येथे प्रथमच पुढे आला. ही निवड आपण केली आहे आणि तिची किंमत आपण देऊ, असे त्या मांडणीतून सूचित झाले.

किंमत द्यावी लागली ती संचालकांना. दारिउश स्तोला हे २०१४ पासून संग्रहालयाचे संचालक होते. ते व्यवसायाने इतिहासकार. १९६७-६८ मधील झायोनिस्टविरोधी मोहीम आणि त्यानंतरचे स्थलांतर हाच त्यांच्या संशोधनाचा विषय. म्हणजे निनावी भिंतीमागे एक नामांकित अभ्यासक होता. त्यांची मुदत २०१९ च्या फेब्रुवारीत संपली. मे महिन्यात रीतसर निवडप्रक्रियेत ते पुन्हा निवडले गेले. पण संस्कृतिमंत्री प्योत्र ग्लिन्स्की यांनी त्यांची नेमणूक केली नाही. संग्रहालयाचे राजकारण केल्याचा ठपका त्यांच्यावर होता. हे संग्रहालय केंद्रीय मंत्रालय, वॉर्सा शहर आणि एक खाजगी संस्था या तिघांनी २००५ मध्ये मिळून स्थापन केलेले. इतर दोन भागीदार स्तोला यांच्या बाजूने होते. पेच अनेक महिने चालला. अखेर २०२० च्या फेब्रुवारीत स्तोला यांनी माघार घेतली आणि उपसंचालक झिग्मुंट स्तेंपिन्स्की यांची नेमणूक झाली. (ज्या पक्षाच्या सरकारने हा पेच निर्माण केला, त्याच पक्षाचे नेते लेख काचिन्स्की यांनी वॉर्साचे महापौर असताना संग्रहालयाच्या उभारणीला पाठबळ दिले होते. इतिहास अशा गमती विनामूल्य पुरवतो.) भिंतीवरील तुलनेवर जो आक्षेप वर घेतला, की १९६८ च्या शब्दामागे सत्ता होती आणि २०१८ च्या शब्दामागे ती नव्हती, त्याची धार या घटनेनंतर पूर्वीसारखी राहत नाही. दोन काळ सारखे ठरले असे नव्हे. पण प्रदर्शनातील विधानाला उत्तर म्हणून दुसरे विधान न येता एक प्रशासकीय निर्णय आला, आणि शब्दामागील सत्ता अदृश्य असते तेव्हा ती नसतेच असे गृहीत धरता येत नाही, हे समीक्षकालाही मान्य करावे लागते.

बर्लिनमध्ये याच सुमारास घडलेले प्रकरण स्वभावाने वेगळे, पण परिणामाने जवळचे आहे. तेथील संचालक पीटर शेफर यांनी २०१९ च्या जूनमध्ये राजीनामा दिला. निमित्त एका ट्वीटचे होते: इस्रायलवरील बहिष्काराच्या चळवळीविषयी जर्मन संसदेने केलेल्या ठरावावर टीका करणाऱ्या विद्वानांच्या पत्रकाविषयीचा एक लेख संग्रहालयाने वाचण्यास सुचवला होता. दोन्ही ठिकाणी मूळ प्रश्न एकच. संग्रहालय जोवर भूतकाळाविषयी बोलते तोवर त्याला आवाज नाही असे सर्वजण सोयीने मानतात. ते वर्तमानाविषयी एक वाक्य बोलले की त्याला आवाज आहे हे एकदम सर्वांच्या लक्षात येते.

बर्लिनच्या याच संग्रहालयाने २०१३ मध्ये एक धाडसी प्रयोग केला होता. ज्यूंविषयी लोकांच्या मनात असलेल्या प्रश्नांवरील प्रदर्शनात, शनिवार सोडून रोज काही वेळ, एक ज्यू व्यक्ती काचेच्या पेटीत बाकावर बसे आणि येणारे-जाणारे तिला प्रश्न विचारीत. यावर पुष्कळ टीका झाली. काचेच्या पेटीतील ज्यू म्हणताच आइखमनच्या खटल्यातील काचेचा पिंजरा अनेकांना आठवला. ती टीका समजण्यासारखी असली तरी पुरेशी नाही. पेटीतील माणूस पाहिला जातो, हे खरे. पण तो उत्तर देतो, प्रश्न परतवतो, कंटाळतो, हसतो. वॉर्साच्या भिंतीवरील अवतरणाला जे जमत नाही तेच त्याला जमते. तरीही एका गोष्टीत हा प्रयोग फसवा होता: वस्तूला वाचा दिली, परंतु काच काढली नाही. उत्तर देण्याचा हक्क मिळाला, प्रश्न ठरवण्याचा मिळाला नाही.

उठावाच्या ऐंशीव्या वर्षी, २०२३ मध्ये पोलिनने जे प्रदर्शन भरवले, त्यात या साऱ्या अनुभवाचा निचरा झालेला दिसतो. त्याचा विषय लढणारे वीर नव्हते. तळघरांत आणि चोरकप्प्यांत दडून बसलेली सुमारे पन्नास हजार सामान्य माणसे हा त्याचा विषय होता, आणि मांडणीचा कणा होती त्यांच्यापैकी काहींनी त्याच काळात लिहिलेली टिपणे. या विषयाचे बहुतेक परिचित छायाचित्र जर्मन जनरल श्ट्रोप याच्या अहवालातील आहे. हात वर केलेला मुलगा जगाने पाहिला तो मारणाऱ्यांच्या कॅमेऱ्यातून. म्हणजे दृष्टिकोन ही कथनमीमांसेतील संज्ञा येथे शब्दशः लागू पडते: कॅमेरा कोठे उभा होता? प्रदर्शनाची तयारी चालू असताना वॉर्साच्या अग्निशमन दलातील झ्बिग्निएव लेशेक ग्झिवाचेव्स्की या तरुण पोलिश जवानाने तेव्हा चोरून घेतलेल्या छायाचित्रांच्या निगेटिव्ह त्याच्या कुटुंबाकडे सापडल्या. घेट्टोत उठावाच्या दिवसांत टिपलेली आणि जर्मनांनी न टिपलेली अशी हीच छायाचित्रे ज्ञात आहेत. ती तांत्रिकदृष्ट्या चांगली नाहीत. कडा अंधारलेल्या, काहींत खिडकीची वा कोणाच्या शरीराची आड. श्ट्रोपच्या अहवालातील चित्रे नीट चौकटीत बसलेली आहेत, कारण ती घेणाऱ्याला घाई नव्हती आणि भीती नव्हती. येथे पाहणाऱ्याची भीती चित्राच्या रचनेतच उतरली आहे. या दोन प्रकारच्या चित्रांतील फरक सांगण्यास पाटीवरील मजकुराची गरज पडत नाही. ज्यांचे बाकी काही उरले नाही अशा लोकांच्या टिपणांशेजारी ही अर्धवट चित्रे आली तेव्हा अवतरणाच्या पद्धतीचा मूळ हेतू प्रथमच पूर्णपणे साधला, असे म्हणण्यास हरकत नाही. कारण येथे संकलकाने कोणत्याही आवाजाकडून त्याच्या काळापलीकडचे काही वदवून घेतलेले नाही.

संग्रहालयाच्या भिंतीबाहेरचा एक उपक्रम दरवर्षी १९ एप्रिलला होतो. उठावाच्या म्होरक्यांपैकी शेवटपर्यंत हयात राहिलेले मारेक एडेलमान यांना दरवर्षी त्या दिवशी कोणीतरी नाव न सांगता पिवळ्या फुलांचा गुच्छ पाठवीत असे. ते तो स्मारकापाशी नेऊन ठेवीत. ते २००९ मध्ये वारले. २०१३ पासून संग्रहालयाचे स्वयंसेवक शहरभर कागदी पिवळी डॅफोडिल वाटतात, आणि लोक ती कोटावर लावतात. हे कागदी फूल घडी उघडली की सहा टोकांच्या पिवळ्या ताऱ्यासारखे दिसते. एकेकाळी सक्तीने लावायला लागलेली खूण आणि आता स्वेच्छेने लावलेली खूण यांचे हे अध्यारोपण कोणत्याही पाटीशिवाय समजते. कदाचित काहींना समजतही नाही, आणि ते केवळ वसंतातले एक फूल म्हणून लावतात. अशा मोहिमांत विधीचे रूपांतर सवयीत आणि सवयीचे रूपांतर फॅशनमध्ये होण्याची भीती असतेच. पण येथे निनावीपणा प्रथमच निवेदकाकडून वाचकाकडे गेला आहे: गुच्छ पाठवणारा अनामिक होता, फूल लावणाराही अनामिकच.

मुरानुवपासून उत्तरेला थोड्याच अंतरावर ग्दान्स्की स्थानक आहे. १९६८ नंतर देश सोडणाऱ्या बहुतेकांच्या गाड्या तेथून सुटल्या. स्थानकाच्या इमारतीवर १९९८ मध्ये बसवलेला एक फलक आहे, आणि त्यावर हेन्रिक ग्रिनबेर्ग या ज्यू लेखकाचे एक वाक्य कोरलेले आहे. ग्रिनबेर्ग १९६७ च्या अखेरीस नाटक मंडळीबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले होते, ते परत आले नाहीत. पुढेही ते पोलिश भाषेतच लिहीत राहिले. फलकावरील वाक्यात जाणाऱ्यांनी मागे काय ठेवले याचा हिशेब आहे. त्याखाली लेखकाचे नाव आहे.